हॉकीचे तपस्वी ध्यानचंद

इ. स. १९२८ च्या मार्च महिन्यातील १० तारखेस मुंबई बंदरातून कैसर-ए-हिंद ही आगबोट इंग्लंडच्या दिशेने निघाली. तिच्यावर हिंदुस्थानचा हॉकी संघ होता. ऑलिंपिक सामन्यांत आपल्या देशाचा हॉकी संघ त्या वर्षी प्रथमच उतरणार होता. परंतु त्याला निरोप देण्यासाठी धक्क्यावर अवघी तीन माणसे आली होती. हॉकी संघटना नवी, तिची तिजोरी रिकामी, आणि लोकांचे लक्षही या खेळाकडे फारसे गेलेले नव्हते. त्यातच निघण्यापूर्वी झालेल्या सामन्यात मुंबईच्या संघाने या निवडक खेळाडूंचा ३ विरुद्ध २ गोलांनी पराभव केला होता. अशा संघापासून कोणी काय अपेक्षा ठेवावी?

पराभूत संघाचे ते दोन्ही गोल एका तरुण शिपायाने केले होते. बांध्याने मध्यम, वर्णाने सावळा, बोलण्यात अत्यंत मितभाषी असा हा शिपाई आगबोटीच्या गर्दीत सहज दिसून न येणारा होता. पुढे काही महिन्यांनी हीच मंडळी मुंबईस परतली, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी बंदरावर लोकांची रीघ लागली. त्या तीन माणसांचे सहस्रावधी लोक कसे झाले, याची कथा म्हणजेच ध्यानचंदांच्या जीवनाची कथा होय.

ध्यानचंदांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयाग येथे एका राजपूत कुटुंबात झाला. त्यांचे वडील सोमेश्वर दत्त सिंह सैन्यात होते व पलटणीत हॉकीही खेळत असत. सैनिकाचे बिऱ्हाड पाठीवरचे. आज या छावणीत, तर उद्या त्या गावी. त्या भटकंतीत मुलांच्या शिक्षणाची आबाळ झाली आणि ध्यानचंदांचे शालेय शिक्षण सहा इयत्तांवरच थांबले. पुढे वडिलांना झाशी येथे घरासाठी जागा मिळाली आणि हे कुटुंब तेथे स्थिरावले. राणी लक्ष्मीबाईंच्या पराक्रमाने पुनीत झालेली ती नगरी अशा रीतीने ध्यानचंदांचे गाव झाली, ती अखेरपर्यंत.

थोर खेळाडू हा पाळण्यातच ओळखू येतो, अशी आपली समजूत असते. ध्यानचंदांच्या बाबतीत तसे काही घडले नाही. बालपणी त्यांना कुस्तीची आवड होती. हॉकी म्हणण्याजोगी हॉकी आपण सैन्यात जाईपर्यंत खेळलो नाही, असे त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे नमूद करून ठेवले आहे. वयाला सतरा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, म्हणजे २९ ऑगस्ट १९२२ रोजी, ते दिल्ली येथे पहिल्या ब्राह्मण पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. या पलटणीतील सुभेदार मेजर बाले तिवारी यांना हॉकीचे वेड होते. त्यांची दृष्टी या अबोल तरुणाकडे गेली. त्यांनी त्याच्या हाती काठी दिली, ती कशी धरावी, चेंडू कसा अडवावा, कसा पुढे न्यावा, हे शिकविले. ध्यानचंदांचे पहिले गुरू हेच.

शिष्यही गुरूला शोभेसाच निघाला. दिवसभराची कवायत व पहारा संपला की ध्यानचंद मैदानावर जात. सोबती थकून छावणीत परतले तरी यांचा सराव चालूच राही. त्या काळी मैदानावर विजेचे दिवे नसत. म्हणून चंद्र उगवण्याची वाट पाहायची आणि चांदण्यात चेंडू घेऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहायचे, हा त्यांचा क्रम होता, असे सांगतात. त्यांचे मूळ नाव ध्यानसिंह. या चंद्रप्रकाशातील साधनेमुळेच सोबती त्यांना चंद म्हणू लागले, आणि पुढे साऱ्या जगाने त्यांना ध्यानचंद याच नावाने ओळखले.

हॉकीच्या संघात अकरा खेळाडू असतात. त्या काळच्या रचनेत त्यांपैकी पाच जण आघाडीस असत आणि त्या पाचांच्या मध्यभागी खेळणाऱ्यास सेंटर फॉरवर्ड म्हणत. प्रतिपक्षाच्या गोलासमोर जे अर्धवर्तुळ आखलेले असते, त्याच्या आतून मारलेला चेंडूच गोल ठरतो. तेव्हा सेंटर फॉरवर्डला बचावाची फळी फोडून त्या अर्धवर्तुळात शिरावे लागते. या कामी कित्येक खेळाडू अंगबळावर विसंबतात. ध्यानचंदांची रीत निराळी होती. चेंडू त्यांच्या काठीच्या टोकाशी जणू बांधलेला असे. समोरचा खेळाडू अंगावर आला की मनगटाच्या किंचित हालचालीने ते चेंडू दुसऱ्या बाजूस नेत आणि तो खेळाडू मागेच राही. त्याहूनही मोठा गुण म्हणजे मैदानावरील इतर खेळाडू कोठे आहेत व पुढच्या क्षणी कोठे असतील, याचे त्यांना अचूक भान असे. स्वतःपेक्षा सोबत्याची जागा अधिक सोयीची आहे असे दिसताच ते क्षणाचाही विलंब न लावता चेंडू त्याच्याकडे देत.

इ. स. १९२६ मध्ये हिंदी सैन्याचा हॉकी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात शिपाई ध्यानचंद यांची निवड झाली. त्या संघाने २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सोडविले व केवळ एक गमावला. परत आल्यावर ध्यानचंदांना लान्स नाईक ही बढती मिळाली. खेळाने या गरीब शिपायाला दिलेले हे पहिले पारितोषिक होय.

यानंतर दोनच वर्षांनी, आरंभी सांगितलेली ती आगबोट मुंबईहून निघाली. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये हिंदी संघाने ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क व स्वित्झर्लंड यांना एकामागून एक हरविले. २६ मे १९२८ रोजी अंतिम सामना यजमान हॉलंडशीच होता. नेमक्या त्याच वेळी आपले काही प्रमुख खेळाडू आजारी पडले. ध्यानचंदही तापाने फणफणले होते. परंतु शिपायाला रणांगणावर ताप पाहून चालत नाही, हाच बाणा त्यांनी खेळातही पाळला. ते मैदानात उतरले आणि हिंदुस्थानने ३ विरुद्ध ० गोलांनी सुवर्णपदक जिंकले. संपूर्ण स्पर्धेत आपण २९ गोल केले आणि एकही गोल आपल्यावर झाला नाही. त्या २९ पैकी १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते.

एवढे यश मिळाले तरी ध्यानचंद हे शेवटी पलटणीचे शिपाईच राहिले. लवकरच त्यांची रवानगी वायव्य सरहद्दीवरील वझिरिस्तानच्या डोंगराळ मुलखात झाली. इ. स. १९३२ च्या ऑलिंपिकसाठी खेळाडू निवडण्याकरिता आंतरप्रांतीय सामने भरले, त्यांत खेळण्यास त्यांना रजा मिळाली नाही. इतर सर्वांना त्या सामन्यांत आपली योग्यता सिद्ध करावी लागली. ध्यानचंदांची निवड मात्र हॉकी संघटनेने कसोटीवाचूनच केली. या वेळी त्यांचे धाकटे बंधू रूपसिंह हेही संघात आले. लॉस एंजेलिस येथील त्या स्पर्धेत हॉकीसाठी तीनच देश उतरले होते, ही गोष्ट खरी. तथापि आपल्या संघाने जपानवर ११ विरुद्ध १ व अमेरिकेवर २४ विरुद्ध १ गोलांनी मिळविलेले विजय पाहून लोक थक्क झाले. एकंदर ३५ गोलांपैकी २५ या दोघा भावांनी केले होते. त्यांत धाकट्याचे १३ होते आणि थोरल्याचे १२. धाकट्या भावाच्या या सरशीचे ध्यानचंदांना मोठे कौतुक होते.

ध्यानचंदांना आपल्या साऱ्या सामन्यांतील सर्वांत आवडता सामना कोणता, असे विचारले तर कोणासही वाटेल की, ते एखाद्या ऑलिंपिक सामन्याचे नाव घेतील. पण त्यांची निवड वेगळी होती. इ. स. १९३३ मध्ये त्यांच्या गावचा झाशी हीरोज हा संघ कलकत्त्याच्या बेटन कप स्पर्धेत उतरला. अंतिम सामना कलकत्ता कस्टम्स या नामांकित संघाशी पडला. कस्टम्सचे खेळाडू एकामागून एक हल्ले चढवीत होते आणि झाशीचा बचाव कसाबसा टिकून होता. अशा वेळी ध्यानचंदांना चेंडू मिळाला. त्यांनी मैदानाच्या मध्यभागातून एक लांब चेंडू इस्माईल या आपल्या सोबत्याकडे दिला. इस्माईल वाऱ्यासारखा धावला आणि प्रतिपक्षाच्या क्षणिक गोंधळाचा लाभ घेऊन त्याने त्या सामन्यातील एकमेव गोल केला. झाशी विजयी झाली. ज्या सामन्यात गोल दुसऱ्याने केला, तो सामना ध्यानचंदांनी आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम मानला. मोठा खेळाडू आणि मोठा माणूस हे दोघे एकाच ठिकाणी कसे नांदतात, ते या एका गोष्टीवरून कळते.

इ. स. १९३५ मध्ये न्यूझीलंडला पुन्हा संघ पाठविण्याचे ठरले. मानवदारच्या नबाबांनी जाण्यास नकार दिल्यामुळे संघाचे नायकपद ध्यानचंदांकडे आले. या दौऱ्यात आपला संघ ४८ सामने खेळला आणि त्यांतील एकही हरला नाही. एकंदर ५८४ गोल झाले, त्यांपैकी २०१ ध्यानचंदांचे होते. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे क्रिकेटचे विख्यात फलंदाज डॉन ब्रॅडमन यांनी त्यांचा खेळ पाहिला, आणि आपण धावा काढतो तसे हे गोल करतात, अशा शब्दांत विस्मय व्यक्त केला.

पुढच्या वर्षीच्या बर्लिन ऑलिंपिकसाठीही नायकपद त्यांच्याकडेच आले. संघात विद्यापीठाच्या पदव्या घेतलेले खेळाडू होते आणि त्यांचा नायक होता सहा इयत्ता शिकलेला पलटणीतला माणूस. ही जबाबदारी त्यांना किती मोठी वाटत असेल, याची कल्पना करावी. त्यातच १७ जुलै १९३६ रोजी, स्पर्धेपूर्वीच्या सरावाच्या सामन्यात, जर्मनीने हिंदी संघाला ४ विरुद्ध १ गोलांनी हरविले. त्या रात्री ध्यानचंदांना झोप आली नाही. दोन ऑलिंपिकमध्ये मिळविलेली कीर्ती आपल्याच नायकपदाखाली धुळीस मिळणार काय, हा एकच विचार त्यांना छळीत होता. परंतु ते नुसते चिंता करीत बसले नाहीत. संघात उणीव कोठे आहे, हे ध्यानी घेऊन मायदेशाहून दारा या खेळाडूस तातडीने बोलावण्यात आले. ते उपान्त्य सामन्यापूर्वी बर्लिनला येऊन पोहोचले. तोवर हंगेरी, अमेरिका व जपान यांचा पाडाव झाला होता. उपान्त्य सामन्यात फ्रान्सवर १० गोल झाले आणि अंतिम सामना पुन्हा त्याच जर्मनीशी येऊन ठेपला.

हा सामना १४ ऑगस्ट रोजी व्हावयाचा होता. पण पावसामुळे तो दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्ट १९३६ रोजी ठेवण्यात आला. मैदान ओले होते आणि महिन्यापूर्वीच्या पराभवाची आठवण प्रत्येकाच्या मनात ताजी होती. खेळाडू मैदानात उतरण्यापूर्वी संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी राष्ट्रसभेचा तिरंगी ध्वज बाहेर काढला. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता आणि जगापुढे आपल्या संघाला परकीयांच्या निशाणाखाली उभे राहावे लागत असे. त्या बंद खोलीत मात्र खेळाडूंनी आपल्या ध्वजाला वंदन केले आणि मग ते मैदानाकडे निघाले. पुढे अकरा वर्षांनी त्याच तारखेस आपला देश स्वतंत्र होणार आहे, हे त्या क्षणी कोणास ठाऊक असणार!

प्रेक्षकांची गर्दी लोटली होती. त्यांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडही होते. पूर्वार्धात जर्मनांनी निकराची झुंज दिली आणि विश्रांतीपर्यंत आपला केवळ एकच गोल झाला. ओल्या हिरवळीवर पाय घसरत होते. तेव्हा ध्यानचंदांनी आपले खिळ्यांचे बूट उतरविले आणि ते उत्तरार्धास सामोरे गेले. मग मात्र गोलांमागून गोल होऊ लागले. जर्मन खेळाडू आडदांडपणे खेळू लागले. त्यांच्या गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत ध्यानचंदांचा एक दात पडला. औषधोपचार करून ते परत मैदानात आले. आता हे सूड उगवणार, असे प्रेक्षकांना वाटले असेल. पण ध्यानचंदांनी सोबत्यांना वेगळीच सूचना दिल्याचे सांगतात. त्यांचे खेळाडू चेंडू घेऊन गोलापर्यंत जात आणि गोल न करता तो पुन्हा मागे आणीत. चेंडूवर प्रभुत्व कसे असते, हे प्रतिपक्षास दाखवून द्यावे आणि अंगावर धावून जाण्याचा मोह टाळावा, एवढाच त्यामागील हेतू होता. सामना ८ विरुद्ध १ गोलांनी हिंदुस्थानने जिंकला. संपूर्ण स्पर्धेत आपण ३८ गोल केले आणि आपल्यावर झालेला एकमेव गोल तो याच सामन्यातला. निद्राहीन रात्रीचे उत्तर असे मिळाले.

ध्यानचंदांभोवती अनेक आख्यायिका गुंफल्या गेल्या आहेत. त्यांच्या काठीत लोहचुंबक असावा, या संशयाने ती मोडून पाहिली, असे कोणी सांगतात. जर्मनीच्या हुकूमशहाने त्यांना आपल्या सैन्यात मोठ्या हुद्द्याचे आमिष दाखविले, असे दुसरे कोणी सांगतात. लोक ज्याच्यावर प्रेम करतात, त्याच्याविषयी अशा कथा रचल्या जाणारच. विचारी वाचकाने त्या कथा म्हणूनच ऐकाव्यात. जे निःसंशय घडले, तेच ध्यानचंदांच्या थोरवीस पुरेसे आहे.

यानंतर दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४० व १९४४ ही ऑलिंपिकची दोन्ही वर्षे सामन्यांवाचूनच गेली. अशा रीतीने खेळाडूच्या आयुष्यातील मोलाचा काळ हातचा गेला. देश स्वतंत्र झाल्यावर पूर्व आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या क्रीडासंस्थेने आपला संघ तेथे बोलावला, तेव्हा ध्यानचंद संघात हवेतच, अशी इच्छा तिने प्रकट केली. वयाच्या ४२ व्या वर्षी ते त्या दौऱ्यावर गेले आणि २२ सामन्यांत त्यांनी ६१ गोल केले. तेथून परतल्यावर मात्र, तरुणांसाठी वाट मोकळी करावी या विचाराने, त्यांनी हळूहळू मैदानाचा निरोप घेतला. इ. स. १९५२ मध्ये गोल या नावाने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःची प्रौढी फारशी नाही. सोबत्यांची स्तुती मात्र पानोपानी आहे.

शिपाई म्हणून सैन्यात शिरलेले ध्यानचंद इ. स. १९५६ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. पुढे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी प्रमुख प्रशिक्षक म्हणून तरुणांना शिकविले. त्यांचे पुत्र अशोककुमार हेही नामवंत हॉकीपटू झाले. इ. स. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातील निर्णायक गोल अशोककुमारांनी केला होता. हा आनंद पित्याच्या डोळ्यांदेखत घडला, हे भाग्यच म्हटले पाहिजे.

परंतु त्यांचे अखेरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. पैशाची ओढाताण होती, प्रकृती ढासळत होती, आणि ज्या खेळाला त्यांनी जीवन वाहिले त्याचीही उतरती कळा त्यांना पाहावी लागली. इ. स. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये भारत सातव्या स्थानावर गेला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, सामान्य रुग्णांच्या कक्षात त्यांच्यावर उपचार झाले आणि ३ डिसेंबर १९७९ रोजी यकृताच्या कर्करोगाने तेथेच त्यांचे देहावसान झाले. ज्या झाशी हीरोजच्या मैदानावर ते खेळले होते, त्याच मैदानावर त्यांच्या पार्थिव देहास अग्नी देण्यात आला. पुढच्याच वर्षी मॉस्को येथे भारताने हॉकीचे सुवर्णपदक पुन्हा मिळविले. ते पाहण्यास मात्र ध्यानचंद नव्हते.

आज त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो. दिल्लीतील राष्ट्रीय क्रीडागाराला त्यांचे नाव दिलेले आहे आणि देशातील सर्वोच्च क्रीडापुरस्कारही इ. स. २०२१ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. हे सर्व योग्यच झाले. मात्र ज्याने देशाला तीन सुवर्णपदके मिळवून देण्यात असा वाटा उचलला, त्याची विचारपूस त्याच्या हयातीत आपण पुरेशी केली नाही, ही खंतही आपण विसरता कामा नये. गुणी माणसाचा सन्मान तो जिवंत असतानाच करावा, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी प्रत्येक जण ध्यानचंद होणार नाही. परंतु दिवसाचे काम संपल्यावर चांदण्यात उभे राहून आपली विद्या घोटणे, पराभवाची रात्र निश्चयात घालविणे, दात पडला तरी तोल न सोडणे आणि सोबती अधिक सोयीच्या जागी असेल तर चेंडू त्याच्या स्वाधीन करणे, या चार गोष्टी कोणालाही साधण्याजोग्या आहेत. पुढच्या खेपेस शाळेच्या मैदानावर चेंडू तुमच्या पायाशी किंवा काठीशी येईल, तेव्हा क्षणभर मान वर करून आपला सोबती कोठे उभा आहे ते पाहा. ध्यानचंदांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.